बिगारी, सेंट्रिंग, डांबर: सांगली-मिरजेच्या उन्हात कामाला लागण्याआधी काय काय करून ठेवायचं

मार्च लागला की मिरजेत नाक्यावर सकाळी सातला नवीन पोरं दिसायला लागतात. कुणाची बारावी झालेली असती, कुणाची ऊसतोड संपलेली, कुणी जत-आटपाडीकडनं पाहुण्याकडं राहायला आलेला. मुकादम गाडी थांबवतो, "सहा जण पाहिजेत, स्लॅबला" म्हणतो, आणि सगळे टेम्पोत चढतात. पाणी कुठलं, सावली कुठं, जेवणाची सुट्टी किती वाजता, कोण विचारत नाही. मी पण विचारलं नव्हतं.

मी सळई बांधायचं काम करतो. माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात बहिणीच्या लग्नासाठी दीड महिना गावाकडं होतो, परत आलो तो थेट मे महिन्यात, आणि पहिल्याच दिवशी सकाळी आठपासनं तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर. दोन वाजायच्या सुमाराला पोटऱ्यांत गोळे आले, मग उलटी झाली, मग हातातली पक्कड कुठं ठेवली तेच कळंना. मिस्त्री म्हणाला "रात्रीची उतरली नाही वाटतं याची". मी दारूला हात लावत नाही. जतकडची एक मावशी होती बिगारीला, तिनं काही न विचारता घमेलं भरून पाणी डोक्यावर ओतलं आणि दोघांना हाक मारून मला जिन्याखाली ओढायला लावलं, म्हणून आज हे टाईप करतोय. चार दिवस खाडा पडला, दवाखान्याचं बिल खिशातनं गेलं, आणि ठेकेदार म्हणाला की हा त्या दिवशी कामावर नव्हताच, घरनंच आजारी आला होता. माझ्याकडं दाखवायला एक कागद नव्हता. हजेरी त्याच्या वहीत, वही त्याच्या गाडीत.

त्यानंतर लेबर ऑफिसला चार हेलपाटे मारले, दोन वकिलांशी बोललो, आणि जे कळलं ते खाली क्रमानं लिहितोय. वकील नाही मी, पण यातलं बरंचसं स्वतः करून बघितलंय.

१. आधी हे समजून घ्या की कायद्यात डिग्रीचा आकडा नाही

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच, किती डिग्रीला काम बंद ठेवायचा हक्क आहे? उघड्यावरच्या कामासाठी असा एक आकडा आपल्याकडं नाही. कतारला १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला कायद्यानं बंदी आहे, आखातात गेलेली पोरं येऊन सांगतात तेव्हा आपल्याला वाटतं इथं पण असेल, तर नाही. "दुपारी १२ ते ३ उन्हात जाऊ नका" असं सरकार दरवर्षी सांगतं ती सूचना असती, ती मोडली म्हणून ठेकेदाराला लगेच दंड होत नाही.

मग आहे काय? बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा होता, तो आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत घेतलाय आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यातनं आपल्या कामाच्या गोष्टी एवढ्या: पिण्याचं पाणी, संडास, प्रथमोपचार ही मालकाची जबाबदारी. दिवसाला ८ तास काम, त्याच्या वर गेलं तर दुप्पट दरानं ओव्हरटाईम. आठवड्याला एक सुट्टी. प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र. आणि कलम १४, हे नीट लक्षात ठेवा, जिवाला किंवा तब्येतीला लगेच धोका आहे असं कामगाराला रास्त कारणानं वाटलं तर तो मालकाला सांगू शकतो आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला पण कळवू शकतो, मग मालकानं उपाय करायचा, त्याला पटत नसेल तर त्यानं प्रकरण निरीक्षकाकडं पाठवायचं. ऊन हा शब्द त्या कलमात नाही, पण ४१ डिग्रीत पाण्याशिवाय स्लॅबवर उभं करणं यात बसत नाही असं कोण म्हणणार.

अडचण अशी की ढोबळमानानं १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच ही संहिता लागते, आणि स्वतःला राहायला बांधलेलं ५० लाखाच्या आतलं घर यातनं वगळलंय. म्हंजे विश्रामबागला बंगल्याच्या कामावर तुम्ही चौघं असाल तर कलम १४ दाखवून उपयोग नाही, तिथं बोलून-बोलूनच सोय करून घ्यावी लागती. ते कसं ते पुढं सांगतो.

२. ऊन वाढायच्या आधीच बांधकाम कामगाराचं कार्ड काढा

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. लोक याला "भांड्याचं कार्ड" म्हणतात, कारण भांड्यांचा संच मिळतो तेवढंच माहीत असतंय, त्याच्यासाठी पहाटेपासनं रांग लावतात आणि संच घरी आला की कार्ड कपाटात जातं. पण खरी किंमत पुढं आहे, नोंदीत कामगार कामावर असताना गेला तर घरच्यांना ५ लाख मिळतात, नैसर्गिक मृत्यूला २ लाख. आजारपण, पोरांचं शिक्षण, बाळंतपण यासाठीही मदत आहे.

वय १८ ते ६०, आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम केलेलं पाहिजे. लागतं ते:

- आधार कार्ड
- वयाचा पुरावा (शाळेचा दाखला चालतो)
- राहायच्या पत्त्याचा पुरावा
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, खातं आधारला जोडलेलं असू द्या
- पासपोर्ट साईज फोटो, तीनऐवजी पाच काढून ठेवा
- ९० दिवस काम केल्याचा दाखला, ठेकेदाराचा किंवा ग्रामसेवकाचा किंवा नगरपालिका-महापालिकेचा

सगळं अडतं ते शेवटच्या कागदावर. ठेकेदार सही द्यायला घाबरतो, त्याला वाटतं सही केली की उद्या हा माझ्यावर दावा लावेल. माझ्या ओळखीत ज्यांना मिळाला त्यांनी काम चालू असताना मागितला, पगार घेऊन साईट सोडल्यावर नाही. काम संपल्यावर तुमचा फोन कोण उचलतंय.

आणि एजंट. झेरॉक्सच्या दुकानात बसलेला माणूस म्हणतो सगळं मी बघतो, ९० दिवसाचा दाखला पण देतो. सरकारी फी अगदी नावाला आहे, बाकी सगळं त्याच्या खिशात जातं, आणि खोट्या दाखल्यावर काढलेलं कार्ड तपासणीत उडालं की तुमचं नाव खराब होतं, त्याचं नाही. अर्ज मंडळाच्या वेबसाईटवर ऑनलाईन होतो, घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं, ते विसरलं तर कार्ड असून नसल्यासारखं.

हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत. एप्रिलमध्ये सुरू केलं तर कार्ड हातात येईपर्यंत वळीव पडून गेलेला असतो.

बांधकामात नसाल तर निदान ई-श्रमवर नाव घाला, फुकट आहे, मदतीचा नंबर १४४३४.

३. "हो" म्हणायच्या आधी साईटवर पाच मिनिटं फिरा

तीन गोष्टी बघा. पाणी, सावली, संडास. याच क्रमानं नाही, पण तिन्ही.

पाणी म्हंजे निळं बॅरल नाही. ते बॅरल उन्हात ठेवलेलं असतं, दुपारी एकला त्यातलं पाणी चहाला ठेवल्यासारखं गरम, वर सिमेंटची साय आलेली, आणि त्याच बॅरलमधनं मिस्त्री थापी धुतो. ते कामाचं पाणी. पिण्याचं वेगळं पाहिजे. जुन्या कायद्यातसुद्धा लिहिलंय की पिण्याच्या पाण्याची जागा कामगारांना कळेल अशा भाषेत लिहून दाखवायची आणि ती संडास-मुतारी-धुण्याच्या जागेपासनं ६ मीटरच्या आत नको. जार येत असेल तर विचारा दिवसाला किती येतात. माझा हिशोब: उन्हात काम करणाऱ्याला दर १५-२० मिनिटाला एक पेला, साधारण पाव लिटर. म्हंजे तासाला पाऊण ते एक लिटर. दहा माणसं, आठ तास, २० लिटरचे तीन जार दुपारपर्यंतच लागतात, संध्याकाळी आणखी एक. एकच जार दिसला तर समजून जा.

सावली म्हंजे जिथं सगळे एकदम बसू शकतील अशी. सिमेंटच्या पोत्यांची शेड सावली नाही, पत्रा तापला की आत भट्टी होती. हिरवी नेट चार बांबूवर बांधली तरी चालतंय, खर्च किरकोळ आहे, हे ठेकेदाराला सांगा, त्याला खर्चाचीच भीती असती.

संडासाचं बायकांना विचारा. साईटवर संडास नसला की बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, सकाळी घरनं निघताना पण नाही, आणि चक्कर पण मग त्यांनाच पहिली येती. गरोदर बाईचं तर विचारूच नका. पुरुष मंडळी भिंतीच्या आडोशाला जातात म्हणून त्यांच्या हे डोक्यातच येत नाही. मावशी, ताई कुणी वाचत असेल तर ही मागणी एकट्यानं करू नका, चौघी मिळून करा, आणि सोबतच्या गड्यांनी पण त्यांच्या बाजूनं बोलावं.

रोजगार हमीच्या कामावर असाल तर मनरेगाचा कायदा २००५ साली आला तेव्हाच त्याच्या अनुसूचीत पिण्याचं पाणी, मुलांसाठी आणि विश्रांतीसाठी सावली, प्रथमोपचार पेटी हे लिहिलेलं होतं, आणि सहा वर्षाखालची पाच किंवा जास्त पोरं असली तर सांभाळायला एक बाई. ही योजना मुळात आपल्याकडचीच बरं का, वि. स. पागेंनी तासगाव तालुक्यात करून बघितली, ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर चालली, १९७७ ला राज्याचा कायदा झाला. पण दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या आमच्या आजीला कधी सावलीची नेट दिसली नाही, ती पदर डोक्यावर घेऊन बसायची.

४. पहिला आठवडा जिवावरचा असतो

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्या दिवशी पडलो नसतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात आणि मधे काही आठवडे खंड पडला की ती सवय जाती. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याचं म्हणणं आहे की उन्हानं काम करताना जे मरतात त्यातले जवळजवळ निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी, आणि ७० टक्क्यांच्या वर पहिल्या आठवड्यात. अंगात ताकद असलेला, "मला काय होतंय" म्हणणारा गडीच त्यात सापडतो.

त्यांचा नियम असा: नवीन माणसानं पहिल्या दिवशी नेहमीच्या २० टक्केच काम उन्हात करायचं आणि रोज २० टक्के वाढवत न्यायचं. जुना माणूस सुट्टीवरनं आला असेल तर पहिल्या दिवशी निम्मं, मग ६०, ८०, आणि चौथ्या दिवशी पूर्ण. आता आपल्या ठेकेदाराला हे सांगितलं तर तो हसेल. म्हणून असं मागा: "पहिले चार दिवस दुपारी मला खाली सळई कापायला ठेवा, किंवा रिंगा वाकवायला, वर सकाळीच पाठवा." हजेरी पूर्ण पडती, काम होतं, त्याचं काही जात नाही. मी आता नवीन पोरगं आलं की स्वतःच त्याला खाली ठेवतो.

बाकीचं थोडक्यात. सकाळी निघतानाच दोन पेले पाणी पिऊन निघा. तासाला दीड लिटरच्या वर ढोसू नका, ते पण घातक आहे. सैल, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, डोक्याला ओला टॉवेल, हेल्मेट त्याच्यावर. ताक, पन्हं, कोकम चांगलं. ओआरएस नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, पोह्याचा नाही. लघवी गडद पिवळी व्हायला लागली की पाणी कमी पडतंय. आणि तंबाखू, याच्यावर कुणी बोलत नाही: तोंडात मळलेली असली की माणूस दीड-दोन तास पाण्याला तोंड लावत नाही. मी बघितलंय, आमच्यात ज्यांना चक्कर येती त्यात हे जास्त.

वळीव पडला की सगळ्यांना बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी जपा. हवा दमट झालेली असती, घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. थर्मामीटर ३६ दाखवतो आणि जीव मात्र ४० सारखा घाबरतो.

५. हजेरी तुमच्या खिशात पाहिजे

रोज सकाळी साईटवर पोचल्यावर एक फोटो, मागं काम दिसलं पाहिजे, फोनमधलं लोकेशन चालू. दुपारी एक, पाण्याच्या जागेचा. रात्री व्हॉट्सॲपवर स्वतःलाच किंवा बायकोला एक मेसेज: कुठली साईट, किती ते किती, सोबत कोण. पगार शक्यतो फोनवरनं घ्या, रोख घेतला तर त्याच दिवशी ठेकेदाराला "इतके मिळाले" असा मेसेज टाका. तो वाचून गप्प बसला तरी मेसेज राहतो.

मुकादमाचं आणि त्याच्या वरच्या ठेकेदाराचं पूर्ण नाव, आणि मूळ काम कुणाचं आहे ते बोर्डवरनं टिपून ठेवा. हायवेला किंवा सरकारी कामावर बोर्ड असतोच. मी "आमचा मालक" म्हणून ज्याला ओळखत होतो तो तिसऱ्या हाताचा ठेकेदार निघाला.

६. कुणी पडला तर: आधी पाणी ओता, मग गाडी शोधा

गोळे येणं, डोकं दुखणं, मळमळ, थकवा, एवढ्यावर असताना माणूस सावलीत बसवला, कपडे सैल केले, ओआरएस पाजलं तर अर्ध्या तासात सावरतो. त्या दिवशी परत उन्हात पाठवायचं नाही, म्हणाला "मी बरा आहे" तरी नाही.

पण तो असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या देतोय, नाव विचारलं तर सांगता येईना, फिट आली, किंवा शुद्ध गेली, म्हंजे उष्माघात. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत त्याला थंड करत राहा. सावलीत घ्या, शर्ट काढा, बादल्यांनी पाणी ओता, पुठ्ठ्यानं वारा घाला, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत. शुद्धीत नसेल तर तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, घशात जाऊन गुदमरतो. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, हा ताप वेगळा. कांदा नाकाला लावणं, चप्पल हुंगवणं यात जी दहा मिनिटं जातात ती फार महाग पडतात.

दोन चुका हमखास होतात. "घाम येतोय, म्हंजे उष्माघात नाही", हे चूक आहे, अंगमेहनत करणाऱ्याला घाम येत असताना पण उष्माघात होतो. आणि दुसरी, माझ्याबाबतीत झाली ती, पिऊन आलाय म्हणून कोपऱ्यात झोपवून ठेवणं.

७. दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा

माझ्या केसपेपरवर फक्त उलटी, अशक्तपणा एवढंच होतं. डॉक्टरची चूक नाही म्हणता येत, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की मी सहा तास स्लॅबवर होतो. नुकसानभरपाई मागायची तर त्रास कामामुळं, काम करताना झाला हे दाखवावं लागतं (१९२३ च्या भरपाई कायद्यापासनं हेच आहे, आता ते सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय). म्हणून सोबत जाणाऱ्यानं डॉक्टरला स्पष्ट सांगायचं: अमुक साईटवर, अमुक वाजल्यापासनं उन्हात काम करत होता, अमुक वाजता पडला, हे कागदावर लिहा. अंगाचं तापमान पण लिहून घ्या, ४० च्या वर असेल तर तोच मोठा पुरावा. बिलं, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत.

माणूस गेलाच तर शवविच्छेदन करायलाच लावा. घरचे दुःखात असतात, लवकर माती द्यायची घाई असती, ठेकेदार पण "खर्च मी करतो, लवकर उरका" म्हणतो. त्यानंतर हातात काही राहत नाही. हे बोलायला वाईट वाटतं पण सोबतच्यांपैकी कुणीतरी बोललं पाहिजे.

८. ठेकेदाराशी बोलायचं कसं

पहिल्याच मेसेजला कायदा काढू नका, तो चिडतो आणि उद्यापासनं येऊ नका म्हणतो. साधं लिहा, पण तारीख, माणसं आणि काय पाहिजे ते येऊ द्या. आम्ही टाकलेला मेसेज असा होता:

"नमस्कार साहेब. आज १६ एप्रिल. वरच्या मजल्यावर आम्ही ११ जण सळई बांधतोय. जार सकाळी १० ला संपला, अजून दुसरा आला नाही. सावलीला काही नाही. दोघांना चक्कर आली. उद्यापासून सकाळी ६ ते ११ आणि दुपारी ४ ते ७ असं काम करू द्या, म्हणजे तुमचे तास पण पूर्ण होतात. नेट आणि दोन जार जास्तीचे पाठवा."

सगळ्यांनी मिळून ग्रुपवर टाकला, एकट्याच्या नावानं नाही. दोन दिवस काही उत्तर नाही, तिसऱ्या दिवशी नेट आली. वेळ बदलायला मात्र तो तयार नव्हता, तेव्हा आमच्या मिस्त्रीनं एक मुद्दा काढला तो मला फार आवडला. ४० डिग्रीच्या वर काँक्रीट टाकायचं असेल तर वेगळी काळजी घ्या, असं भारतीय मानकातच लिहिलंय, नाहीतर लवकर सुकून तडा जातो. मिस्त्री म्हणाला, "साहेब, काँक्रीटला ४० चा आकडा आहे, आम्हाला नाही, निदान त्याच्यासाठी तरी सकाळी टाकू." इंजिनियर हसला आणि वेळ बदलली. स्लॅबसाठी बदलली, आमच्यासाठी नाही, पण चालतंय.

ठेकेदार दोन गोष्टी बोलतो, उत्तर तयार ठेवा. "अलर्ट कुठं आहे?" हवामान खात्याची उष्णतेची लाट सपाटीवर तेव्हा धरतात जेव्हा पारा ४० च्या वर असतो आणि नेहमीपेक्षा साडेचार डिग्री जास्त असतो, किंवा सरळ ४५ ला पोचतो. आपल्याकडं एप्रिलमध्ये नेहमीचाच पारा एवढा असतो की ३९-४० ला अलर्ट येतच नाही. आणि खात्याचा थर्मामीटर सावलीत, पांढऱ्या लाकडी पेटीत असतो, तुमच्या सळईवर नाही. दुसरं, "सकाळी सहाला आला तर संध्याकाळी आठपर्यंत थांबा." मधली सुट्टी धरून तास वाढवायची ही युक्ती आहे. ८ च्या वर गेलं की दुप्पट, हे तेव्हा मात्र सांगा.

९. ऐकलंच नाही तर

जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार खात्याचं ऑफिस आहे, सांगलीला पण, साताऱ्याला पण. तिथं लेखी अर्ज द्या, दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. तोंडी सांगून आलात तर ते गेल्यासारखंच नाही. अर्जासोबत फोटो, मेसेजचे स्क्रीनशॉट, सोबतच्या दोघा-तिघांच्या सह्या. कारखान्याच्या आतलं काम असेल, कुपवाडला किंवा मिरज एमआयडीसीत, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, ते खातं वेगळं.

महिनाभर काही झालं नाही तर माहिती अधिकारात "माझ्या अर्जावर काय कार्यवाही केली" एवढंच विचारा, १० रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझ्या अर्जाची फाईल याच कागदानंतर हलली.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

माझं काय झालं? पैसे मिळाले नाहीत, कारण हजेरीच सिद्ध झाली नाही. ठेकेदाराला बोलावून समज दिली म्हणे.

शेतात, उसात, गाडीवर असाल तर

वरचं बरंचसं तुम्हाला लागू होत नाही, खोटं कशाला सांगू. तासगाव-मिरज भागात द्राक्षाची खरड छाटणी नेमकी एप्रिलात येती, मंडपाखाली सावली नसती कारण पानंच काढलेली असतात. तिथं टोळीनं ठरवून सकाळी सहाला रानात जाणं आणि बारा-एकला बाहेर पडणं हाच उपाय, आणि तो टोळीच्या बाया स्वतः ठरवतात, त्यांच्याशिवाय छाटणी होत नाही हे बागायतदाराला माहीत असतंय. दर ठरवताना वेळ पण तेव्हाच ठरवा, कामाच्या दिवशी नाही. ऊसतोडीला उचल घेतलेली असती त्यामुळं तोंड उघडता येत नाही, पण मुकादमाशी करार करताना पाण्याचा टँकर फडावर येणार का, हे उचल हातात पडायच्या आधी विचारून घ्या. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्यांनी माथाडी मंडळात नोंद आहे का बघा, १९६९ चा कायदा आहे त्याचा. डिलिव्हरीवाल्या पोरांनी दुपारच्या ऑर्डरींमध्ये पंधरा मिनिटं ॲप बंद करून कुठंतरी पंख्याखाली बसावं, इन्सेन्टिव्ह गेला तर गेला, आणि ज्या हॉटेलातनं पार्सल उचलता तिथं पाण्याची बाटली भरून मागा, सहसा कोण नाही म्हणत नाही.